जाडी कोणी पाहिली आहे? पातळ थर मोजण्याच्या शंभर वर्षांची गोष्ट

तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करताना तुम्ही पाहिलं असेल, निदान आजीकडून ऐकलं तरी असेल. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथिलाची कांडी फिरवायची आणि वितळलेलं कथिल कापसाच्या बोळ्याने आतून सगळीकडे पसरवायचं. आता समजा त्या कल्हईवाल्याला विचारलं, "थर किती जाड बसला हो?" तर तो काय सांगणार? फार तर "एवढ्या पातेल्याला एवढं कथिल लागलं." म्हणजे त्याच्याकडे जाडी नाही. वजन आहे आणि क्षेत्रफळ आहे. जाडी हवी असेल तर कथिलाची घनता धरून ती आपण काढायची.

आता आपल्या लॅबमध्ये या. ग्रुप मीटिंगमध्ये कोणी पातळ फिल्मचं काम दाखवलं की पहिला प्रश्न ठरलेला: "जाडी किती?" उत्तरही तयार असतं: "पन्नास नॅनोमीटर, सर." त्यानंतर येतो दुसरा प्रश्न, "कशाने मोजली?" आपण यंत्राचं नाव सांगतो आणि पुढच्या स्लाइडवर जातो. माझं म्हणणं असं की त्या दुसऱ्या प्रश्नावर जरा थांबायला हवं. कारण प्रारण वापरून जाडी मोजणाऱ्या पद्धतींचा इतिहास पाहिला तर लक्षात येतं की यातली जवळजवळ कुठलीच पद्धत थेट जाडी मोजत नाही. प्रत्येक पद्धत दुसरंच काहीतरी मोजते, आणि आपण एखादं गृहीतक मध्ये घालून त्याची जाडी करतो. हे गृहीतक कुठे लपलंय ते ओळखणं हे संशोधकाचं काम.

सोन्याचे वर्ख आणि विसरलेला दुसरा प्रश्न

गायगर आणि मार्सडेन यांचा 1909 सालचा प्रयोग आपण बारावीपासून ऐकतो. मँचेस्टरमध्ये रदरफर्डच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन यांनी धातूच्या पत्र्यावर अल्फा कण सोडले. बहुतेक कण पुढे गेले, पण काही चक्क मागे फिरले. प्लॅटिनमच्या बाबतीत साधारण 8000 कणांमागे एक. त्यावरून 1911 मध्ये रदरफर्डने अणुकेंद्राची कल्पना मांडली. इथवर सगळ्यांना पाठ.

पण 1909 चा मूळ निबंध उघडून पाहिला तर त्यात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. वेगवेगळ्या धातूंकडून किती कण परततात? एकाच धातूची जाडी बदलली तर काय होतं? आणि एकूण कणांपैकी किती भाग परततो? पाठ्यपुस्तकात तिसरा प्रश्न गाजला. आपल्याला आज दुसरा हवाय.

त्यांनी सोन्याचे वर्ख एकावर एक ठेवत नेले आणि दर वेळी परतणाऱ्या कणांची संख्या मोजली. मोजली म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसून, झिंक सल्फाइडच्या पडद्यावर पडणारे बारीक प्रकाशठिपके सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी मोजले. वर्ख वाढले तसे परतणारे कण वाढले. मात्र काही वर्खांनंतर वाढ मंदावली आणि आलेख आडवा झाला.

या एका आलेखातून दोन गोष्टी कळतात. पहिली, कण नुसते पृष्ठभागावरून उसळत नाहीत, धातूच्या आतूनही परततात. म्हणूनच त्यांच्या संख्येत जाडीची माहिती दडलेली असते. दुसरी, ही माहिती एका मर्यादेपर्यंतच मिळते. फार खोल गेलेला कण बाहेर येईपर्यंत दमून जातो. त्या जाडीच्या पुढे आणखी दहा वर्ख ठेवले तरी आकडा तोच. आजही प्रत्येक पद्धतीला अशी संपृक्त जाडी असते, आणि तुमचा नमुना तिच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे मोजण्याआधी पाहावं लागतं.

आणखी एक बारकावा बघा. या मंडळींनी आपल्या पत्र्यांची जाडी कशात सांगितली? हवेत! म्हणजे अल्फा कणाला रोखण्याच्या बाबतीत हा पत्रा किती लांबीच्या हवेइतका आहे, तेवढा आकडा. वाचायला विचित्र वाटतं, पण हे फार प्रामाणिक एकक आहे. त्यांनी मोजलं होतं तेच लिहिलं. सोन्याची घनता घालून त्याचे मायक्रोमीटर केले नाहीत.

याच प्रयोगाचं पुढे रोजच्या वापरातलं तंत्र झालं. 1957 मध्ये रुबिन, पॅसेल आणि बेली यांनी अशा परतणाऱ्या कणांवरून पृष्ठभागाचं रासायनिक विश्लेषण कसं करायचं ते दाखवलं, आणि नंतर सिलिकॉन डिटेक्टर आल्यावर 'रदरफर्ड बॅकस्कॅटरिंग' हे नाव घराघरात, म्हणजे लॅबालॅबात गेलं. तत्त्व सोपं आहे. हीलियमचा आयन सोन्याच्या अणूवर आपटून सरळ मागे आला तर त्याची सुमारे 92 टक्के ऊर्जा शिल्लक राहते, सिलिकॉनवर आपटला तर सुमारे 56 टक्केच. त्यामुळे कोणावर आपटला ते कळतं. आणि थरातून येता-जाता आणखी थोडी ऊर्जा खर्च होते, तिच्यावरून किती खोलवर आपटला ते कळतं. पण खोली कशात? दर चौरस सेंटिमीटरमागे किती अणू ओलांडले, यात. नॅनोमीटर इथेही नाहीत.

डब्याचा पत्रा

दुसरी गोष्ट कारखान्यातली, आणि ती पुन्हा कल्हईकडेच नेते. खाद्यपदार्थांचे डबे ज्या टिनप्लेटचे करतात ती म्हणजे पोलादाचा पत्रा आणि त्यावर कथिलाचा पातळ थर. थर कमी पडला तर डबा गंजतो, जास्त झाला तर पैसे वाया. म्हणजे जाडी हा तिथे थेट नफ्या-तोट्याचा प्रश्न होता.

टिनप्लेटच्या व्यापारात कथिल मोजायचं माप म्हणजे 'पौंड प्रति बेस बॉक्स'. बेस बॉक्स म्हणजे 14 बाय 20 इंचांचे 112 पत्रे. एवढ्या पत्र्यांच्या दोन्ही बाजूंवर मिळून एक पौंड कथिल असेल तर ते होतं दर चौरस मीटरला 22.4 ग्रॅम, म्हणजे एका बाजूला 11.2 ग्रॅम. कथिलाची घनता 7.3 धरली तर एका बाजूचा थर येतो साधारण 1.5 मायक्रोमीटर. व्यापाऱ्यांनीही, आपल्या कल्हईवाल्यासारखंच, वजन आणि क्षेत्रफळ धरलं होतं.

हे वजन काढायचे कसे? पत्र्याचा तुकडा कापायचा, वजन करायचं, अँटिमनी क्लोराइड घातलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात कथिल विरघळवायचं, पुन्हा वजन करायचं. पद्धत चोख, पण तुकडा गेला आणि वेळही गेला. दुसऱ्या महायुद्धात मलाया आणि इंडोनेशियाचा प्रदेश जपानने घेतला, दोस्त राष्ट्रांना कथिलाची टंचाई झाली. वितळलेल्या कथिलात पत्रा बुडवण्याऐवजी विजेने पातळ थर चढवण्याची पद्धत झपाट्याने पसरली. थर पातळ झाला की चुकीला जागा कमी उरते. आणि पत्रा यंत्रातून सतत धावत असताना तो न कापता मोजता आला तर हवंच होतं.

इथे क्ष-किरण उपयोगी पडले. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत हर्बर्ट फ्रीडमन आणि एल. एस. बर्क्स यांनी 1946 मध्ये क्ष-किरणांच्या शोषणावरून पातळ लेपांची जाडी मोजण्याची पद्धत मांडली, आणि 1948 मध्ये गायगर काउंटर वापरून क्ष-किरण प्रतिदीप्तीचा वर्णपटमापक तयार केला. (हो, तोच गायगर. वर्खांवरचे ठिपके डोळ्यांनी मोजून दमलेल्या माणसाच्या नावाचं यंत्र इथे कामाला आलं. आणि हाच फ्रीडमन पुढे रॉकेटवर काउंटर बसवून सूर्याचे क्ष-किरण मोजायला गेला.)

टिनप्लेटच्या बाबतीत युक्ती अशी. पत्र्यावर क्ष-किरण सोडले की खालच्या लोखंडाचे अणू स्वतःचे खास क्ष-किरण बाहेर टाकतात, 6.4 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे. बाहेर येताना त्यांना कथिलाच्या थरातून यावं लागतं. थर जाड तर लोखंडाचा संकेत क्षीण. म्हणजे कथिलाकडे न बघता, त्याच्याआडून लोखंड किती दिसतं यावरून कथिल मोजायचं! पडदा किती जाड आहे ते पलीकडचा दिवा किती मिणमिणतो यावरून ओळखावं, तसं. 1950 च्या दशकात ही पद्धत टिनप्लेट उद्योगात रुळली.

पण आता तोच प्रश्न विचारा: मोजलं काय? क्ष-किरण किती शोषले जातील हे वाटेत किती कथिल आहे त्यावर ठरतं, ते किती जागेत पसरलंय त्यावर नाही. तोच अर्धा ग्रॅम कथिल घट्ट बसवलं किंवा सच्छिद्र, फुगीर बसवलं, तरी संकेत सारखाच. मीटरवर मायक्रोमीटर दिसतात, कारण कोणीतरी आत घनतेचा आकडा भरून ठेवलाय.

त्याच काळात अणुभट्ट्यांमुळे किरणोत्सारी समस्थानिकं सहज मिळू लागली आणि बीटा किरणांची पद्धतही आली. बीटा कण पदार्थावर पडले की त्यातले काही मागे फिरतात, हे गायगर-मार्सडेनच्या आधीपासून माहीत होतं. जड अणू असले तर जास्त फिरतात. म्हणून तांब्यावर किंवा निकेलवर सोन्याचा मुलामा असेल तर पद्धत उत्तम चालते: सोन्याचा अणुक्रमांक 79, तांब्याचा 29. पण तांब्यावर निकेल असेल तर? 28 आणि 29. बीटा कणांना फरकच कळत नाही. थर डोळ्यांना दिसतोय, हाताला लागतोय, पण या पद्धतीच्या लेखी तो नाहीच.

एकदाची लांबी सापडली, पण...

मग लांबी म्हणून लांबी मोजणारं काहीच नाही का? आहे. त्यासाठी थोडं मागे, 1931 मध्ये जाऊ.

साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, कारण पातळ पडद्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून आलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात. हाइन्झ कीसिग याने हीच गोष्ट क्ष-किरणांनी केली. क्ष-किरण अगदी तिरपे, पृष्ठभागाला जवळजवळ घासून सोडले तर ते परावर्तित होतात. हे आर्थर कॉम्प्टनने 1920 च्या दशकात दाखवलं होतं. कीसिगने काचेवरच्या निकेलच्या पातळ थरावर असे किरण सोडले आणि कोन बदलत नेला. परावर्तित किरणांची तीव्रता लाटांसारखी वरखाली झाली. त्या लाटांना आजही कीसिगच्या पट्ट्या म्हणतात.

दोन पट्ट्यांमधलं अंतर आणि क्ष-किरणांची तरंगलांबी कळली की जाडी निघते. तरंगलांबी 0.154 नॅनोमीटर आणि थर 50 नॅनोमीटरचा असेल तर पट्ट्या साधारण 0.09 अंशांवर पडतात. इथे वजन नाही, अणू मोजणं नाही. कोन आणि तरंगलांबी, म्हणजे खरोखर लांबी. वाटतं, सुटलो!

तर 1954 साली लायमन पॅरट यांनी काचेवर चढवलेल्या तांब्याच्या थराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी अनेक थरांसाठी गणित मांडलं. आज परावर्तनाचा डेटा फिट करणारं जे सॉफ्टवेअर तुम्ही वापरता, त्याच्या पोटात बहुधा हेच पॅरटचं गणित असतं. पण मला त्या निबंधात जास्त आवडतो तो निष्कर्ष. त्यांचा आलेख आदर्श, सपाट तांब्याशी जुळत नव्हता. हवेत राहिल्यामुळे तांब्याचा वरचा सुमारे 150 अँगस्ट्रॉम, म्हणजे 15 नॅनोमीटर भाग पूर्ण ऑक्साइड झालाय असं मानलं तर आलेख समजावता येतो, असं त्यांनी लिहिलं. आणि लगेच पुढे असंही, की ऑक्साइड तितकं खोल गेलं नसेल तर आतलं तांबं भुसभुशीत, कमी घनतेचं असावं. शिवाय उघड्या हवेतल्या या मोजमापांवरून भौतिक आणि रासायनिक कारणं नीट वेगळी करता येत नाहीत, हेही स्पष्टपणे मान्य केलं.

म्हणजे एकच आलेख आणि त्यामागे दोन वेगळी चित्रं. फिट चांगला आला म्हणजे मॉडेल खरं, असं होत नाही. आपण मात्र रेषा बिंदूंवरून गेली की खुश!

दहा पद्धती, एकच थर

या गोष्टीचा कळस 2004 मध्ये झाला. तेव्हा ट्रान्झिस्टरमधला सिलिकॉन डायऑक्साइडचा थर इतका पातळ झाला होता की 90 नॅनोमीटर पिढीच्या इंटेल चिपमध्ये तो जेमतेम 1.2 नॅनोमीटर होता. याहून पातळ झाला की इलेक्ट्रॉन आरपार गळतात. म्हणून थराची जाडी बिनचूक कळणं गरजेचं होतं.

ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या मार्टिन सीह यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय तुलना झाली. सिलिकॉनवर 1.5 ते 8 नॅनोमीटरचे ऑक्साइड थर, वेगवेगळ्या प्रयोगशाळा, दहा पद्धती आणि मोजमापांचे 45 संच. यात वर आलेलं रदरफर्ड बॅकस्कॅटरिंग होतं, क्ष-किरण परावर्तन होतं, ध्रुवित प्रकाशाची एलिप्सोमेट्री होती आणि क्ष-किरणांनी इलेक्ट्रॉन बाहेर काढून त्यांची ऊर्जा पाहणारी एक्सपीएस पद्धतही.

निकाल काय? पद्धतींमध्ये ठरावीक फरक निघाला. एलिप्सोमेट्रीने सुमारे 1 नॅनोमीटर जास्त सांगितलं. ऑक्सिजनचे अणू मोजणाऱ्या पद्धतींनी सुमारे अर्धा नॅनोमीटर जास्त. एक्सपीएसने जास्तीचं काहीच नाही.

कोण खोटं बोलत होतं? कोणीच नाही. हवेत ठेवलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाण्याचा आणि कार्बनयुक्त मळाचा अतिपातळ थर बसतो. प्रकाशाला ऑक्साइड, पाणी, मळ सगळं मिळून एकच पारदर्शक थर दिसतो, म्हणून एलिप्सोमेट्रीने सगळंच मोजलं. ऑक्सिजन मोजणाऱ्या पद्धतींनी मळातला कार्बन सोडला, पण पाण्यातला ऑक्सिजन धरला. एक्सपीएस मात्र सिलिकॉनच्याच इलेक्ट्रॉनकडे बघतं, आणि मूळ सिलिकॉन व ऑक्साइडमधलं सिलिकॉन वेगवेगळ्या ऊर्जेवर दिसतं. पाण्यात सिलिकॉन नाही, म्हणून ते मोजलंच गेलं नाही.

एक्सपीएस जिंकलं असं समजू नका. त्याची अडचण वेगळी: त्याचा शून्य बरोबर होता, पण पट्टीवरची खूण किती लांबीची, म्हणजे गुणांक किती, हे नीट माहीत नव्हतं. बाकीच्यांची पट्टी ठीक, पण शून्य सरकलेला. मग दोघांना एकत्र आणलं. एका पद्धतीचे आकडे दुसऱ्या पद्धतीच्या आकड्यांसमोर ठेवून सरळ रेषा काढली, तर चढावरून गुणांक कळतो आणि रेषा अक्षाला कुठे छेदते त्यावरून शून्यातली चूक कळते.

यातली मेख लक्षात घ्या. हे सगळं शक्य झालं कारण थर वेगवेगळ्या जाडीचे होते. फक्त 8 नॅनोमीटरचा एकच नमुना असता तर 1 नॅनोमीटरची तफावत साधारण 12 टक्के झाली असती, आणि कोणीही म्हणालं असतं, "घनता थोडी कमी असेल." 1.5 नॅनोमीटरच्या थरावर तीच तफावत 67 टक्क्यांच्या घरात जाते. तिथे घनतेची सबब चालत नाही.

मग आपण काय करायचं?

एक, वहीत आणि प्रबंधात आधी मोजलेली राशी लिहा. प्रतिदीप्तीने मोजलं असेल तर दर चौरस सेंटिमीटरला किती मायक्रोग्रॅम, बॅकस्कॅटरिंगने मोजलं असेल तर किती अणू. मग "घनता इतकी धरून जाडी इतकी" असं लिहा. मार्सडेनने हवेचे मिलिमीटर लिहिले, त्यात कमीपणा नव्हता.

दोन, शक्य असेल तर दोन वेगळ्या जातीच्या पद्धती वापरा. समजा प्रतिदीप्तीने तुमच्या सोन्याच्या थरात दर चौरस सेंटिमीटरला 96.5 मायक्रोग्रॅम सोनं दाखवलं. घनता 19.3 धरली तर जाडी 50 नॅनोमीटर. आणि परावर्तनातल्या पट्ट्या सांगतात 54. इथे घाबरून एक आकडा फेकून देऊ नका किंवा सरासरी 52 लिहून मोकळे होऊ नका. दोन्ही खरे असतील तर थराची घनता सुमारे 17.9 आहे, म्हणजे थर थोडा सच्छिद्र असू शकतो. चूक वाटली ती बहुधा तुमच्या पेपरची पहिली ओळ असेल. सगळी यंत्रं आपल्या विभागात नसतात, हे खरं. पण दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये बॅकस्कॅटरिंगसाठी आणि इंदूरच्या इंडस सिंक्रोट्रॉनवर परावर्तनासाठी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना अर्ज करता येतो. अर्ज लवकर करा.

तीन, एकाच जाडीचा नमुना करू नका. तीन-चार जाड्यांची मालिका करा आणि रेषा शून्यातून जाते का ते पाहा. नसेल जात, तर ती कुठे छेदते हा आकडा तुम्हाला काहीतरी सांगतोय.

पुढच्या वेळी मीटिंगमध्ये "कशाने मोजली?" असं कोणी विचारलं, की यंत्राचं नाव सांगून थांबू नका. काय मोजलं आणि काय धरून चाललो, ही दोन वाक्यं जोडा. व्हायवाला समोर बसलेली माणसं नेमकं हेच विचारणार आहेत.